रा. सेनगाव, ह. मु. परदेश

मराठवाड्यात खरेदीखत लिहिताना नाव, वय, धंदा यांच्यामागून बहुतेकदा दोन पत्ते येतात. रा. अमुक गाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली, ह. मु. पुणे. गाव एक, मुक्काम दुसरा. दस्तलेखकाला त्यात काही वावगे वाटत नाही आणि साक्षीदारांनाही नाही. गेल्या दोन-तीन दशकांत मात्र त्या ‘हल्ली मुक्काम’पुढे पुणे-मुंबईच्या जोडीने दुबई, म्युनिक, न्यू जर्सी, मेलबर्न अशी नावे येऊ लागली आहेत. मुलगा शिकून बाहेर गेला, तिकडे घर केले, नातवंडे झाली. आई-वडील आधी सहा महिने जाऊन आले, मग वर्षभर राहिले, आणि एका टप्प्यावर परतीचे तिकीट काढायचे राहून गेले. मागे गावातले घर, चार-पाच एकर सोयाबीन-हळदीचे रान, पेन्शनचे खाते, मतदारयादीतले नाव आणि आधार कार्डावरचा पत्ता तसाच राहिला.

यातले काय आपोआप टिकते, काय टिकवता येते आणि काय टिकवणे बेकायदा आहे, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. घराघरांत याविषयी चर्चा होते ती ऐकीव माहितीवर. कोणी सांगतो, आधार आहे ना, मग सगळे ठीक आहे. दुसरा घाबरवतो की दोन वर्षे बाहेर राहिलात तर जमीन जाईल. दोघेही चूक आहेत. सगळा प्रश्न चाळून पाहिल्यावर मला वाटते ते असे: कायदा गावचा पत्ता सहसा काढून घेत नाही. पत्ता जातो तो त्या पत्त्यावर आलेल्या कागदाला उत्तर द्यायला कोणी उरत नाही तेव्हा.

पहिली गोष्ट ही की भारतात माणसाचा सर्व कामांसाठी मिळून एकच अधिकृत पत्ता नसतो. जर्मनीत राहायला गेलेल्याला नगरपालिकेच्या नोंदवहीत घराची नोंद करावी लागते आणि देश सोडताना ती काढून घ्यावी लागते. तिथे ‘तुम्ही कुठे राहता’ या प्रश्नाचे सरकारदरबारी उत्तर त्या एका वहीत असते. आपल्याकडे मतदारयादीची वही वेगळी, रेशनची वेगळी, आयकराची वेगळी, बँकेची वेगळी आणि तलाठ्याची तर फारच वेगळी. प्रत्येकीची ‘राहणे’ या गोष्टीची व्याख्या निराळी. त्यामुळे एकच माणूस त्याच वर्षी एका कायद्याने निवासी आणि दुसऱ्याने अनिवासी ठरू शकतो, आणि त्यात त्याची काही लबाडी नसते.

अधिवासाचेही तसेच. तहसीलमधून मिळणाऱ्या ‘वय, अधिवास व राष्ट्रीयत्व’ प्रमाणपत्रामुळे लोकांना वाटते की आपला अधिवास महाराष्ट्राचा. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली प्रदीप जैन खटल्यात स्पष्ट सांगितले की भारतात अधिवास एकच, तो भारताचा. राज्याचे प्रमाणपत्र म्हणजे शिक्षण-नोकरीतल्या सवलतींसाठी १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला. ते एकदा निघाले की त्या तारखेपर्यंतच्या वास्तव्याचा पुरावा झाला. पुढे माणूस परदेशी गेला म्हणून मागचे वास्तव्य पुसले जात नाही.

हा १५ वर्षांचा आकडा सेनगावच्या म्हाताऱ्या माणसांना ओळखीचा वाटावा. हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तिथे १९१९च्या फर्मानाने मुलकी नियम लागू होते. संस्थानात नोकरी हवी तर मुलकी असले पाहिजे, आणि बाहेरून आलेल्याला मुलकी व्हायचे तर १५ वर्षांचे कायम वास्तव्य पाहिजे. वर, मूळ गावी परत जाण्याचा विचार आपण सोडला आहे, असे प्रतिज्ञापत्रही पाहिजे. वास्तव्य आणि इरादा या दोन कसोट्या त्यात उघड मांडल्या होत्या. अधिवासाचा आजचा कायदाही त्यांच्यावरच उभा आहे. फक्त आता इरादा प्रतिज्ञापत्रावरून न वाचता माणसाच्या वागण्यावरून वाचतात.

याच मुलखात घर जागचे न हलता पत्ता बदलत गेला, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १९५६च्या नोव्हेंबरपर्यंत हैदराबाद राज्य, मग द्विभाषिक मुंबई, १ मे १९६० पासून महाराष्ट्र, आणि १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. पन्नाशी-साठीच्या माणसाच्या शाळेच्या दाखल्यावर आणि जुन्या पासपोर्टवर जिल्हा परभणी असतो, आधारवर हिंगोली. परदेशातल्या एखाद्या कचेरीला हे दोन वेगळे पत्ते वाटतात आणि अर्ज अडकतो. जाण्याआधी दोन्ही जिल्ह्यांची नावे जोडून दाखवणारा एखादा कागद तहसीलमधून घेऊन ठेवावा. तिकडे बसून हा खुलासा मिळवणे फार जिकिरीचे होते.

आता मतदारयादी. सेनगाव तालुक्यात हा प्रश्न परदेशाच्या वाटेने आलेला नाही. तो आला ऊसतोडीच्या आणि पुण्या-मुंबईच्या वाटेने. दिवाळी आटोपली की कोयता घेऊन कारखान्यांकडे निघणारी जोडपी, बांधकामावर आणि कंपन्यांत गेलेली पोरे, यांचे मत गावातच असते. २०२४ साली गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला आणि विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला होते. फडावर गेलेल्या माणसाने मतासाठी पुन्हा गाव गाठायचे, एवढाच मार्ग होता. पण त्याचे नाव यादीत राहण्याबद्दल कायदा त्याच्या बाजूने आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० म्हणतो की तात्पुरता बाहेर गेलेला माणूस मूळ ठिकाणचा सामान्य रहिवासी राहतोच.

परदेशी मुलाकडे कायमच्या राहायला गेलेल्यांना या कलमाचा आधार घेता येत नाही. त्याच कायद्यात लगेच शेजारी लिहिले आहे की केवळ घर मालकीचे आहे किंवा ताब्यात आहे एवढ्यावरून कोणी तिथला सामान्य रहिवासी ठरत नाही. गावात वाडा आहे, घरपट्टी भरलेली आहे, म्हणून नाव राहिलेच पाहिजे, ही समजूत इथे मोडते. बिहारमध्ये २०२५ साली मतदारयाद्यांची विशेष सखोल फेरतपासणी झाली तेव्हा मसुदा यादीतून सुमारे ६५ लाख नावे गळाली. त्यांत मृतांच्या आणि दुबार नावांच्या जोडीने मोठा वाटा कायमचे स्थलांतरित किंवा पत्त्यावर न सापडलेले, यांचा होता. घराला कुलूप पाहून परत गेलेला मतदान केंद्रस्तरीय अधिकारी यापुढे सगळीकडेच दिसणार आहे.

परदेशी असलेल्या भारतीय नागरिकासाठी मात्र सरळ दरवाजा आहे आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. २०१०च्या दुरुस्तीने कायद्यात कलम २०-अ आले. नोकरी, शिक्षण किंवा इतर कारणाने बाहेर राहणारा, दुसऱ्या देशाचे नागरिकत्व न घेतलेला माणूस नमुना ६-अ भरून आपल्या पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्याच्या मतदारसंघात परदेशस्थ मतदार म्हणून नाव नोंदवू शकतो. म्हणजे मतदारयादीपुरता तुमचा गावचा पत्ता कायद्याने जिवंत राहतो. मतदानाला मात्र मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर यावे लागते. त्यामुळे २०२४च्या लोकसभेला देशभरात नोंदलेल्या सव्वा लाखाच्या आसपास परदेशस्थ मतदारांपैकी मत दिले ते तीन हजारांहूनही कमी जणांनी, आणि त्यांतले बहुतेक केरळचे. प्रतिनिधीमार्फत मतदानाचे विधेयक २०१८ साली लोकसभेत मंजूर झाले होते. ते पुढे राज्यसभेत मंजूर झाले नाही आणि २०१९ साली लोकसभेबरोबर संपले. ब्रिटनने परदेशी गेलेल्या नागरिकांच्या मतदानावरची १५ वर्षांची मर्यादा २०२४ पासून काढून टाकली. अमेरिकेचा नागरिक जगात कुठेही असला तरी शेवटच्या राहत्या पत्त्याच्या राज्यातून टपालाने मत देतो. सैनिकांना इलेक्ट्रॉनिक टपाली मतपत्रिका देण्याची व्यवस्था आपल्याकडे आहे. ती परदेशस्थ मतदारांना देण्यात इतकी वर्षे का जावीत, याचे पटणारे उत्तर मला मिळालेले नाही.

आयकर आणि बँक यांचे गणित दिवसांचे आहे आणि इराद्याचेही. समजा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले एक गुरुजी ऑक्टोबरमध्ये मुलाकडे कायमचे गेले. आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात असेल तो निवासी, हे बहुतेकांना ठाऊक असते. दुसरी कसोटी विसरली जाते. वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात काढले असले तरीही माणूस निवासी ठरतो. नोकरीसाठी देश सोडणाऱ्याला त्या वर्षी ६० दिवसांऐवजी १८२ दिवसांची सवलत आहे. मुलाकडे राहायला जाणाऱ्याला ती नाही. म्हणजे गुरुजी एप्रिल ते जून एवढे तीनच महिने इथे राहून जुलैत गेले असते, तरी त्या वर्षापुरते ते आयकराच्या दृष्टीने भारतातलेच. पुढच्या वर्षांत ते अनिवासी झाले की मग भेटीला आलेल्या नागरिकाला १८२ दिवसांची सवलत मिळते. भारतातले उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर मात्र १२० दिवसांची वेगळी अट लागू होते. गुरुजींच्या पेन्शनला त्याची धास्ती नाही.

परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे फेमा, वेगळा विचार करतो. तिथे दिवसांपेक्षा किती काळासाठी गेलात हा प्रश्न मोठा. अनिश्चित काळ राहायच्या हेतूने गेलात तर गेल्या दिवसापासून तुम्ही अनिवासी, आणि साधे बचत खाते अनिवासी साधारण खात्यात, ज्याला बँकेत एनआरओ म्हणतात त्यात, बदलून घेणे तुमचे काम. पर्यटक व्हिसावर सहा महिने जाऊन येणाऱ्याला याची गरज नाही. ग्रीन कार्ड घेऊन गेलेल्याला आहे. इथे लोक सर्रास कानाडोळा करतात, कारण बँकेत कोणी विचारत नाही. जमीन विकून आलेली रक्कम मुलाकडे पाठवायची वेळ आली की मग विचारतात, आणि तेव्हा मागच्या सगळ्या वर्षांचे केवायसी खोटे ठरते. पीपीएफचे जुने खाते मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येते, नवे उघडता येत नाही. पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये अनिवासी खातेदाराला घेता येत नाहीत. महिना १०,००० किंवा त्याहून जास्त पेन्शन असणाऱ्याला, चतुर्थ श्रेणी वगळता, ते तसेही मिळत नाहीत. रेशनचे तर बोलायलाच नको. केशरी कार्डावर नाव ठेवून अमेरिकेत राहणे म्हणजे गावातल्या कुणाच्या तरी वाट्यावर नाव ठेवणे आहे. जाण्याआधी ते कमी करून घ्यावे.

पेन्शनचे काम त्यामानाने सोपे झाले आहे. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला पूर्वी बँकेत जाऊन द्यावा लागे. १० नोव्हेंबर २०१४ रोजी जीवन प्रमाण आले आणि २०२१ पासून फोनच्या कॅमेऱ्यावर चेहरा दाखवून तो देता येऊ लागला. ज्याला ते जमत नाही तो भारतीय दूतावासातून दाखला साक्षांकित करून आणतो. आधार परत करावे लागत नाही. आधार म्हणजे नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नव्हे, एवढे मात्र पक्के लक्षात ठेवावे.

या सगळ्यांत एक लहानसा धागा आहे आणि तो तुटला की सगळेच ओघळते. तो म्हणजे मोबाइल नंबर. आधारचा ओटीपी, बँकेचा ओटीपी, डिजिटल सातबाऱ्याच्या पोर्टलचा ओटीपी, सगळे त्यावर येते. ९० दिवस वापर नसलेला प्रीपेड नंबर कंपनी बंद करू शकते आणि पुढे तो दुसऱ्याला दिला जातो. गावाकडच्या घराला कुलूप लावताना माणसे किल्ली कुणाकडे ठेवायची याचा दहादा विचार करतात, सिमचा एकदाही नाही. रोमिंग चालू ठेवून तो नंबर जपणे आज घरपट्टी भरण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

आता जमीन. पत्ता टिकवण्याची खरी धडपड असते ती हिच्यासाठीच. दोन वर्षे बाहेर राहिल्याने जमीन जात नाही, दहा वर्षे राहिल्यानेही नाही. निवासी असताना घेतलेली किंवा वारशाने आलेली शेतजमीन अनिवासी भारतीयाला ठेवता येते. परदेशी नागरिकत्व घेऊन परदेशस्थ भारतीय नागरिकाचे, म्हणजे ओसीआय, कार्ड काढले तरीही ठेवता येते. नवी शेतजमीन विकत घेणे मात्र दोघांनाही बंद. विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच, आणि मराठवाड्यात हैदराबाद कुळवहिवाट कायदा, १९५० प्रमाणे घेणारा शेतकरी असला पाहिजे. मुलाने तिकडचे नागरिकत्व घेतले तर वडिलांच्या मागे त्याचे नाव सातबाऱ्यावर वारस म्हणून लागते. पण शेजारचे दोन एकर जोडून घ्यायचे त्याचे स्वप्न तिथेच थांबते.

ग्रामपंचायतीचा नमुना ८ एकदा बारकाईने पाहा. मालमत्ता क्रमांकानंतर मालकाचे नाव असते आणि त्याच्या शेजारच्या रकान्यात भोगवटा करणाऱ्याचे नाव. पुढे घर मातीचे, पत्र्याचे की सिमेंटचे, लांबी-रुंदी, घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, पाणीपट्टी. गुरुजी गावात असेपर्यंत भोगवट्याच्या रकान्यात ‘स्वतः’ असते. ते गेल्यावर पुतण्या राहायला येतो, घरपट्टी तोच भरतो, पावती त्याच्या हातात पडते. चार वर्षांनी फेरआकारणी होते आणि त्या रकान्यात पुतण्याचे नाव लागते. यात पुतण्याने काही वाईट केलेले नसते, घर पडू दिले नाही हे त्याचे उपकारच. नमुना ८ हा मालकीहक्काचा निर्णायक पुरावाही नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. पण आणखी एक पिढी गेली की मालकाच्या रकान्यातला माणूस गावाला आठवत नाही आणि भोगवट्याच्या रकान्यातला समोर उभा असतो. मुदतीच्या कायद्यात मालकाविरुद्ध उघड, विरोधी ताबा १२ वर्षे चालला तर मालकाचा दावा मुदतबाह्य होतो, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा ताबेदाराला स्वतः दावा लावायचीही मुभा दिली. परवानगीने राहिलेल्याचा ताबा विरोधी ठरत नाही. म्हणूनच परवानगी कागदावर असावी. पुतण्याला सांभाळायला दिले, बटईने लावले, ठोक्याने दिले, जे काही असेल ते साध्या भाषेत लिहून, मुदत घालून, दोघांच्या सह्यांनिशी. आपल्याकडे नात्यात असा कागद करणे म्हणजे अविश्वास दाखवणे मानतात. मला उलटे वाटते. नाते टिकवायचे असेल तर हा कागद आधी करावा, कारण भांडण पुतण्याशी होत नाही, पुतण्याच्या मुलांशी होते.

दुसरी जागा तलाठ्याची. जमिनीत काही बदल झाला, वाटणी, वारस, बोजा, की फेरफार नोंदवहीत नोंद पडते. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५०प्रमाणे त्याची प्रत चावडीवर लागते, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी साधारण १५ दिवस असतात, आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. नोटीस जाते ती गावच्या पत्त्यावर. दार बंद असते, किंवा घरातला कोणी तरी सही करून घेतो आणि कपाटावर ठेवून देतो. गुरुजींना कळते ते दीड वर्षाने, भावकीतल्या कुणाच्या फोनवरून. तोवर प्रांताकडे अपील करायची ६० दिवसांची मुदत गेलेली असते आणि विलंबमाफीच्या अर्जापासून सुरुवात करावी लागते. न्यायालयाच्या समन्सचेही तसेच. घरातल्या प्रौढ माणसाकडे दिलेले किंवा दाराला चिकटवलेले समन्स बजावल्यात जमा धरता येते. बरोबर पत्त्यावर टाकलेले टपाल पोहोचले असेच कायदा गृहीत धरतो. २०२५ साली रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले, टपाल वेगाने येऊ लागेल, पण घ्यायला माणूस लागतोच. पत्ता ठेवणे म्हणजे त्या पत्त्यावर येणाऱ्या कागदांची जबाबदारी ठेवणे, हे इथे सगळ्यांत कठोरपणे कळते.

यावर सरकारने एक चांगली सोय केली आहे. महाभूमीच्या संकेतस्थळावर ‘आपली चावडी’ नावाचे पान आहे. जिल्हा, तालुका, गाव निवडले की त्या गावात चालू असलेल्या फेरफारांच्या नोटिसा दिसतात, गट क्रमांकासकट. महिन्यातून दोनदा ते पान उघडणे हे परदेशातल्या मुलाने आई-वडिलांसाठी करायचे काम आहे. ई-पीक पाहणीचे मात्र बाहेरून भागत नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंद शेतात उभे राहून फोनवर फोटो काढून करायची आहे, तेव्हा ती बटईदाराला नीट समजावून सांगावी लागते. नोंद झाली नाही तर विमा, अनुदान आणि पुढे सातबाऱ्यावरचा पीकपेरा, सगळ्यालाच खोट येते.

मग कुलमुखत्यारपत्र. ते परदेशात करायचे तर तिथल्या नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत सही करून पाठवावे, आणि महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा. ते मोघम नसावे. कोणता गट, कोणते घर, कोणती कामे, हे स्पष्ट असावे, आणि विक्रीचा अधिकार खरोखर द्यायचा नसेल तर तो शब्द त्यात येता कामा नये. मुखत्यारपत्र देणारा वारला की ते सर्वसाधारणपणे तिथेच संपते. मृत्यू परदेशात झाला तर तो भारतीय वकिलातीत नोंदवता येतो. तिथल्या दाखल्यावर अपोस्टिल घेऊन तो गावी पाठवला तर वारस नोंद वेळेत होते. २०२५ साली राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम घ्यावी लागली, ती वर्षानुवर्षे मृतांच्याच नावावर राहिलेल्या जमिनींसाठी. त्यांतले सगळेच काही परदेशी गेले नव्हते. गावात राहूनही हे काम पडून राहते, मग दूर राहून काय होत असेल?

गावचा पत्ता आणखी एका कारणाने अमूल्य आहे. जातीचा दाखला माणूस आज कुठे राहतो यावर मिळत नाही. बाप-आजा ठरलेल्या तारखेला कुठे राहत होता यावर मिळतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. पुण्यात जन्मलेल्या पोरालाही त्यासाठी आजोबांच्या तालुक्याच्या प्रांताकडेच यावे लागते. २ सप्टेंबर २०२५च्या हैदराबाद गॅझेटच्या शासन निर्णयाने याच १९६७च्या तारखेआधीच्या गावातल्या वास्तव्याचे प्रतिज्ञापत्र मराठा समाजातल्या भूमिहीन, बटईदार कुटुंबांसाठी महत्त्वाचे केले. शाळेच्या जुन्या निर्गम उताऱ्याची प्रत, १९५४चे खासरा पाहणी पत्रक, आजोबांच्या नावाची घरपट्टीची पावती, हे कागद घराबरोबर कुलपात ठेवून जाऊ नयेत. त्यांच्या प्रती भावकीत दोन-तीन घरी असाव्यात. मोडी आणि उर्दूतल्या नोंदी वाचणारी माणसे कमी होत चालली आहेत, तेव्हा त्या आजच वाचून, लिप्यंतर करून घेतलेल्या बऱ्या.

हा पेच एकट्या भारताच्या बाजूचा नाही. अमेरिकेचे ग्रीन कार्ड घेतलेल्या आई-वडिलांना तिथला कायदाही विचारतो, तुम्ही इथे राहता ना? सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर विमानतळावर प्रश्न, वर्षभर राहिलात आणि पुनर्प्रवेशाचा परवाना नसला तर कार्डच धोक्यात. गुरुजींना हळद काढणीला गावी यायचे असते आणि पाय तिकडच्या तारखांनी बांधलेले असतात. निवृत्त अमेरिकन माणसे स्वतःच्या देशाबाहेर राहायला जातात तेव्हा कित्येकजण साउथ डकोटा, टेक्सास, फ्लोरिडा अशा राज्यांत टपाल सांभाळणाऱ्या कंपनीचा पत्ता घेऊन तो आपला कायदेशीर पत्ता करतात, कारण तिथे राज्याचा आयकर नाही. हा पैसे देऊन घेतलेला पत्ता आहे. आपल्याकडे तेच काम पुतण्या फुकट करतो, आणि म्हणूनच त्याची किंमत आपल्या ध्यानात येत नाही. गोव्यात प्रश्नाचे रूप आणखी वेगळे झाले. १९६१पूर्वी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना लिस्बनच्या नोंदवहीत जन्म नोंदवून पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येते, आणि ते घेतले की भारतीय नागरिकत्व, मत आणि पासपोर्ट जातो. त्यामुळे एकाच अंगणातल्या घरांत दोन देशांचे नागरिक राहतात. आपल्या संविधानाचे नववे कलम आणि १९५५चा नागरिकत्व कायदा या बाबतीत स्पष्ट आहेत: परके नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारताचे संपले. गावचा पत्ता टिकवण्याची सगळी साखळी त्या एका निर्णयापाशी अर्धी तुटते, म्हणून साठीनंतर मुलांच्या सोयीसाठी नागरिकत्वाचा अर्ज भरणाऱ्या आई-वडिलांनी तो घाईत भरू नये.

हिंगोलीच्या मातीला दूर गेलेली माणसे आपली मानायची सवय आहे. सेनगावपासून फार लांब नसलेले नर्सी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मगाव. त्यांचे आयुष्य पंढरपुरात गेले, पुढची बरीच वर्षे पंजाबात घुमानला. त्यांची ६१ पदे गुरुग्रंथसाहेबात आहेत आणि २०१५चे मराठी साहित्य संमेलन घुमानलाच भरले. नर्सीने त्यांच्यावरचा हक्क कधी सोडला नाही आणि घुमानचाही नाकारला नाही. कायद्याच्या वह्यांना एवढे औदार्य दाखवता येणार नाही, पण थोडे दाखवता येईल.

म्हणजे काय करता येईल? ग्रामपंचायतीने गावाबाहेर राहणाऱ्या मालमत्ताधारकांची एक स्वतंत्र वही ठेवावी. तीत सध्याचा मुक्काम, फोन, ई-मेल आणि गावातल्या जबाबदार माणसाचे नाव असावे, आणि घरपट्टीची मागणी दोन्हीकडे जावी. ऊसतोडीला गेलेल्यांनाही त्याच वहीचा उपयोग होईल, त्यांचीही घरे सहा महिने बंदच असतात. मतदारयादीच्या तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने कुलूप दिसले की आधी ती वही पाहावी आणि परदेशात असलेल्याला नमुना ६-अ कळवावा. महसूल विभागाकडे तर खातेदारांचे फोन आणि आधार शेतकरी ओळखक्रमांकाच्या नोंदणीत आता जमा होत आहेत. फेरफाराची नोटीस चावडीवर आणि संकेतस्थळावर लागतेच. तिची एक प्रत खातेदाराने नोंदवलेल्या फोनवर आणि ई-मेलवर त्याच दिवशी जावी, आणि परदेशस्थ खातेदाराला हरकतीसाठी १५ऐवजी ४५ दिवस मिळावेत. पहिल्या गोष्टीला विभागाचे परिपत्रक पुरेसे ठरावे. दुसरीसाठी नियमांत दुरुस्ती लागेल, आणि ती मागण्याचे काम गावाकडच्या लोकप्रतिनिधींकडे परदेशातल्या मुलांनीच लावून धरले पाहिजे.